तिरका चौदा

मी चौदा नंबरचा ठसा बोलतोय. बोलतोय खरा, पण उभ्या आयुष्यात मी एकच शब्द बोललो आहे, तो म्हणजे चौदा. दुसरं काही बोलायची सोय माझ्या तोंडात केलेलीच नाही. ती असती, तर एका बाईचं काम गेलं नसतं. तेव्हापासून माझा जीव घुसमटतोय, म्हणून आज तुमच्यापाशी मन मोकळं करतो.

दिसायला मी अगदी मामुली. बोटाएवढा पोलादाचा तुकडा. एका टोकाने हातोडा खायचा आणि दुसऱ्या टोकाने आकडा उमटवायचा, हेच माझं काम. ज्या कारागिराने मला घडवलं त्याने माझ्या तोंडावर चौदा उलटा कोरला, कारण उलटा कोरला तरच सुलटा उमटतो. मग मला लालबुंद तापवून तेलात बुडवलं. चटका बसला, पण पुढे जे सोसलं त्यापुढे तो काहीच नव्हता.

तिथून माझी रवानगी शिड्यांच्या कारखान्यात झाली. घरोघरी, दुकानांत वापरतात तसल्या हलक्या शिड्या तिथे बनत. तपासणीला जितकी माणसं, तितके ठसे. शिडी पास केली की तपासणाऱ्याने खालच्या पायरीच्या आतल्या बाजूला आपला आकडा ठोकायचा. उद्या काही कमीजास्त झालं तर कोणी पास केली ते कळावं, म्हणून ही व्यवस्था. मी ज्यांच्या हाती आलो, त्यांना सगळा कारखाना चौदाबाई म्हणायचा. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच.

बाईंची तपासणीची रीत जगावेगळी होती. बाकीचे शिडी हलवून बघत, वाकून नजर टाकत आणि ठोकून मोकळे होत. बाई चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि स्वतः वरच्या पायरीपर्यंत चढायच्या. वर गेल्यावर दोनदा अंग हलवायच्या, कान देऊन ऐकायच्या, मग खाली. दहातली एक तपासली तरी चालेल, असं साहेबांनी कितीदा सांगितलं. पण बाई सगळ्याच शिड्या चढायच्या. गुडघे कुरकुरायला लागले तरी चढायच्या.

"चौदाबाई, ढगात जायची एवढी घाई काय झालीय?" माणसं चिडवायची.

"अरे, घेणारा माणूस वर एकटाच असतो," बाई म्हणायच्या. "त्याच्याआधी कोणीतरी जाऊन यायला नको?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाई डावखुऱ्या. हातोडा डाव्या हातात आणि मी उजव्या हातात. त्यामुळे त्यांचा चौदा नेहमी थोडा उजवीकडे कलून पडायचा. बावीस वर्षांत एकदाही सरळ पडला नाही. मला आधी त्याची लाज वाटायची. नंतर नंतर तो कल मला आवडायला लागला. त्यांची सहीच होती ती.

एकदा पायऱ्या जोडणारी रिबिटं नव्या ठिकाणाहून आली. स्वस्तातली. त्या मालाच्या पहिल्या शिडीवर बाई चढल्या आणि तिसऱ्या पायरीवरच थांबल्या. अंग हलवलं, ऐकलं आणि खाली उतरल्या. एकेक करत चाळीस शिड्या त्यांनी भिंतीशी लावून ठेवल्या. एकीवरही मला टेकवलं नाही.

सुपरवायझर धावत आला. "अहो बाई, माल परवा जायचाय!"

"जाऊ दे की. माझ्या आकड्याशिवाय जाऊ दे."

"जरासं करकरतं हो, सगळ्याच शिड्या करकरतात."

"करकरणं निराळं आणि सुटणं निराळं. बावीस वर्षं ऐकतेय मी."

तो पाय आपटत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र गोड हसत आला. बाईंची मुलगी पहिलटकरीण. तिच्या बाळंतपणासाठी बाई महिन्याभरापासून रजा मागत होत्या आणि तो टोलवत होता. आता आपणहून म्हणाला, "जा बाई, चार दिवस लेकीजवळ राहा. काम काय, होत राहील." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला भरभरून आशीर्वाद दिले. निघताना मला तेलाच्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "तूही चार दिवस आराम कर रे बाबा." मग मला टेबलाच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली नियमाप्रमाणे ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली. ठसा घरी न्यायची परवानगी कोणालाच नव्हती.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी खण उघडला. हात बाईंचा नव्हता.

सुपरवायझरने चाळीसच्या चाळीस शिड्या आडव्या पाडल्या आणि माझ्यावर उजव्या हाताने हातोडा घालत सुटला. चढला तो एकीवरही नाही. चाळीस वेळा मी चौदा म्हणालो, आणि चाळीसही वेळा खोटं बोललो. दुसरा शब्दच मला ठाऊक नाही, तर मी करणार काय? समोर पॅकिंगवाली शिड्यांना कागद गुंडाळत होती. दोन लहान लेकरांची आई, बाईंनीच शब्द टाकून कामाला लावलेली. ती बघत राहिली तसा तो म्हणाला, "तू तुझं काम कर." तिने मान खाली घातली आणि तिचं काम केलं.

बाई परतल्या त्या नातीचं कौतुक सांगतच. भिंत रिकामी बघून त्यांनी विचारलं, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "रिबिटं बदलून घेतली बाई, दुसऱ्यांनी पास केल्या." बाईंनी विश्वास ठेवला. "बरं झालं," म्हणाल्या. त्यांची चूक म्हणायची तर एवढीच.

दोन महिन्यांनी त्यातली एक शिडी परत आली. तिसरी पायरी लोंबत होती. एक रंगारी छत रंगवताना तिच्यावरून पडला, कमरेचं हाड मोडलं. पुन्हा उभा राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

साहेबांच्या खोलीत बाईंना बोलावलं. मी त्यांच्या कामाच्या एप्रनच्या खिशात होतो. टेबलाला टेकवून ती शिडी उभी केली होती आणि कोपऱ्यात रंगाऱ्याची बायको बसली होती.

"आकडा कोणाचा आहे?" साहेबांनी विचारलं.

बाई वाकल्या. पायरीच्या आतल्या बाजूला त्यांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आकडा माझा आहे साहेब. ठोका माझा नाही. माझा चौदा तिरका पडतो. हा बघा, हा सरळ आहे."

सुपरवायझर हसला. "आकडा तो आकडा. त्यात तिरकं काय आणि सरळ काय?"

"पॅकिंगवालीला विचारा! ती रोज बघते. बोलवा तिला."

बोलावलं. ती दारातच उभी राहिली. "सांग गं," बाई म्हणाल्या, "माझा ठसा कसा पडतो?"

तिने आधी सुपरवायझरकडे पाहिलं, मग फरशीकडे. "मला काय कळतंय बाई त्यातलं," ती इतकंच पुटपुटली.

मी खिशात ओरडत होतो. तिरका पडतो, तिरका! पण पोलादाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

तरीही बाई लढल्या असत्या. त्यांनी मान वर केलीच होती. तेवढ्यात कोपऱ्यातली ती बायको उठून जवळ आली. चिडली नव्हती, भांडली नाही. रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, एकदा तरी वर चढून बघायचं होतं हो."

एवढं ऐकलं आणि बाई खचल्या. ज्यांनी बावीस वर्षांत एक शिडी चढल्यावाचून सोडली नाही, त्यांना हे ऐकावं लागलं. त्यांनी त्या बायकोपुढे हात जोडले, मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि कागदावर सही केली. कारण लिहिलं होतं: कामात निष्काळजीपणा. सही डाव्या हाताची होती, उजवीकडे कललेली. ती तरी कोणी बघावी! जाताना त्यांनी मला पुसलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पुसलं नाही.

मी महिनाभर खणात पडून होतो. मग मला नवीन हात मिळाले, पॅकिंगवालीचे. गप्प बसल्याची बढती. आता तिलाच चौदा म्हणतात. तिच्यावर मी रागावणार होतो, पण पहिल्या दिवशी तिने काय केलं ते सांगतो. तिने हातोडा उचलला, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच डाव्या हातात घेतला. क्षणभर तशीच उभी राहिली. सुपरवायझरच्या बुटांचा आवाज आला, तसा तिने तो पुन्हा उजव्या हातात घेतला आणि ठोकला. तिला दहातली एक तपासायला सांगितलंय. ती विसातली एक तपासते. चढत नाही कुठल्याच शिडीवर. तिला भीती वाटते म्हणे.

बाईंबद्दल मी गेटवरच्या वॉचमनकडून ऐकतो. दोन ठिकाणी त्या कामासाठी गेल्या. आधीचं काम का सुटलं, असं विचारल्यावर दोन्हीकडून उठून परत आल्या. आता नात सांभाळतात. घरात कोणाला साध्या स्टुलावरही चढू देत नाहीत. आधी स्वतः चढून बघतात, दोनदा अंग हलवतात, मग म्हणतात, "हं, चढ आता."

त्यांचा निरपराधपणा कोणापुढे सिद्ध करणं माझ्या हातात नाही. एक मात्र तुमच्या हातात आहे. तुमच्या घरी शिडी असेल, तर खालच्या पायरीच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. तिथे चौदा असेल आणि तो तिरका असेल, तर निर्धास्त चढा. तुमच्याआधी एक बाई चपला काढून त्या शिडीवर चढून आलेली आहे.

आणि चौदा सरळ असेल, तर चढू नका हो. तो माझाच आहे, पण माझं ऐका, चढू नका.