खांबामागचे सहा डाव

मी एक जुनी गादी आहे. पलंगावरची ऐसपैस गादी नव्हे हं, मित्रांनो! हातभर लांब, हातभर रुंद, एका बाजूला धरायला चामड्याचा पट्टा. बेसबॉलच्या मैदानात लाकडी बाकांवर तीन-तीन तास बसून माणसांची हाडं खिळखिळी होतात, ती वाचवायला माझा जन्म झाला. मला व्हर्ना लिंडग्रेनने शिवलं. किराणा दुकानावरून उतरवलेली हिरवी ताडपत्री, आत नवऱ्याच्या फाटक्या लोकरी कोटांच्या चिंध्या, आणि दाभणाने घातलेले असे पक्के टाके, की सत्तावीस वर्षांत एक उसवलेला नाही.

खरं सांगू का? इतकी वर्षं मैदानात जाऊनही मी खेळ फारसा पाहिलेलाच नाही. माझ्यावर कोणीतरी बसलेलं असतं, विसरू नका! मला खेळ कळतो तो व्हर्नाच्या बसण्यावरून. ती पुढे सरकली, की काहीतरी अटीतटीचं चाललंय. दाणकन मागे टेकली, की समोरचा बाद. आणि ताडकन उठली, की चेंडू उंच गेलाय. मग तेवढ्यापुरतं मलाही आभाळ दिसतं.

पण व्हर्नाला एक खोड होती. एका जागी बसेल तर शपथ! आयोवातलं आमचं गाव लहान, अर्धी बाकं रिकामी, तिकीट बघणाराही तिला ओळखून होता. पहिले दोन डाव ती जाळीमागे, फलंदाजाच्या पाठीशी बसायची. "चेंडू कसा वळतो ते इथूनच कळतं," म्हणायची. मग मला काखेत मारून उजव्या टोकाच्या उघड्या बाकांवर. तिथे ऊन, आरडाओरडा, शेंगांची टरफलं, आणि नशीब असेल तर भिंतीपलीकडे मारलेला चेंडू थेट मांडीत! तिची सगळ्यात लाडकी जागा मात्र पहिल्या बेसमागची, म्हणजे फलंदाज धावत पहिल्यांदा पोचतो त्या थांब्यामागची, चौथी रांग. कारण तिचा मुलगा वेंडेल आमच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, आणि तोही डावखुरा. डावखुरा पिचर चेंडू हातात घेऊन उभा राहिला, की त्याचं तोंड पहिल्या बेसकडे असतं.

"लोकांना त्याचा हात बघायचाय," ती म्हणायची. "मला बाई त्याचं तोंड बघायचंय."

आणि सगळ्यात टुकार जागा कुठली म्हणाल, तर तिसऱ्या बेसमागची, छपराच्या लोखंडी खांबाला लागून. खांब चांगला जाडजूड, नेमका पिचरच्या आड येणारा. तिथे ऑगी बसायचा. व्हर्नाच्या नवऱ्याचा जुना दोस्त, मक्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, हातात काठी. "इथे टेकायला भिंत आहे, सावली आहे. अजून काय पाहिजे?" असं त्याचं म्हणणं.

त्या रविवारी सकाळी न्याहारीला वेंडेल म्हणाला, "आई, आजचा शेवटचा सामना. उद्या मला संघातून काढतायत."

वेंडेल एकोणतीस वर्षांचा होता. त्याचा डावा खांदा झिजला होता. केस विंचरायलासुद्धा तो उजवा हात वापरायचा. व्हर्नाने चर्चचा निळा झगा घातला, मला उचललं आणि म्हणाली, "आज कुठे कुठे हिंडायचं नाही. नऊच्या नऊ डाव पहिल्या बेसपाशी. डोळे भरून बघणार त्याला."

तीन डाव ती बसलीही तशी. पण पिशवीत ऑगीला कबूल केलेली काकडीच्या लोणच्याची बरणी होती. "एवढी देते नि आलेच," असं म्हणत चौथ्या डावाला ती उठली. ऑगीने बरणी घेतली, "बस की जरा," म्हणाला. ती बसली. आणि बसल्या बसल्या तिला रडूच फुटलं. वेंडेलचं सगळं ऑगीपाशी बोलून झालं, नाक पुसून झालं, तोवर सहावा डाव संपला होता. तेव्हा कुठे तिने वर फलकाकडे पाहिलं.

समोरच्या संघाच्या फटक्यांच्या रकान्यात भोपळा! सहा डाव झाले, आणि वेंडेलच्या चेंडूवर अजून एकालाही धड फटका मारता आला नव्हता. मित्रांनो, पुरे नऊ डाव असं कोणाला जमलं, तर गावात त्याचं नाव नातवंडांच्या तोंडी राहतं. आमच्या मैदानावर ते कधीच घडलं नव्हतं.

व्हर्ना मला घेऊन उठली. ऑगीने काठीची मूठ तिच्या झग्यात अडकवली.

"कुठे चाललीस?"

"माझ्या जागेवर."

"खाली बस!"

"अरे, पण मला इथून तो दिसत नाही!"

"बस म्हणतो ना, व्हर्ना! काय चाललंय ते दिसतंय ना तुला? तू आलीस तेव्हापासून..."

"बोलू नकोस!" ती किंचाळलीच. "तोंडातून काढशील तर बरणी डोक्यात घालीन!"

कारण हा आमच्याकडचा नेम आहे. असं काही चालू असलं, की त्याचं नाव काढायचं नाही. पिचरशी कोणी बोलायचं नाही. आणि जो जिथे बसलाय तिथून हलायचं नाही. हललात आणि पुढच्याच चेंडूला फटका बसला, तर सगळं गाव जन्मभर तुमच्याकडे बोट दाखवणार. आजूबाजूचे सगळे चिडीचूप झाले होते. शेंगदाणेवालासुद्धा पायरीवर खिळला होता, आणि गिऱ्हाइकाने बोलावलं तरी हलेना.

व्हर्ना खाली बसली. एकदाच, शेवटचं, मुलाचं तोंड बघायला ती आली होती, आणि आता त्याच्याचसाठी तिला खांब बघत बसायचं होतं.

सातव्या डावात सगळं मैदान रिवाजाप्रमाणे हातपाय मोकळे करायला उभं राहिलं. "उभी राहा, पण पाऊल हलवू नकोस," ऑगीने बजावलं. मग दोघंही पाय जमिनीला चिकटवून उभी राहिली, आणि मला मिनिटभर चक्क ऊन मिळालं!

आठव्या डावात खाडकन आवाज आला. व्हर्ना माझ्यावरून ताडकन उठली. आमच्या एकाने आडवी उडी घेऊन जमिनीवरून सरपटणारा चेंडू अडवला आणि गुडघ्यावरूनच पहिल्या बेसकडे फेकला. बाद! फलंदाज तिथे पोचायच्या केसभर आधी बाद! व्हर्ना इतक्या जोरात खाली बसली, की माझा जीव गेला म्हटलं.

नववा डाव. पहिला बाद, दुसरा बाद. डावात तीन बाद करायचे असतात, उरला एक. व्हर्नाला दिसत होता तो फक्त फलंदाज. चेंडू जणू खांबातूनच निघून त्याच्याकडे जात होता.

"कसा दिसतोय रे तो, ऑगी? तू जरा वाकून बघ ना!"

"मी पण हलत नाहीये, बये! मान अवघडली माझी!"

फलंदाज चेंडू रेषेबाहेर मारत राहिला; तसा गेलेला चेंडू फटका धरत नाहीत. एक, दोन, तीन, चार वेळा. व्हर्नाची नखं माझ्या ताडपत्रीत रुतली होती. मग ती एकदम पुढे सरकली, श्वास धरला. फलंदाजाने जीव खाऊन बॅट फिरवली, हवेत, नुसती हवेत! तिसरी चूक, म्हणजे बाद! आणि मैदान फुटलं. मी कुठल्या कुठे उडाले, ऑगीची काठी उडाली, शेंगदाणेवाल्याने सगळी टोपली उधळली. ऑगी व्हर्नाला मिठी मारून रडत होता आणि वर तिलाच म्हणत होता, "रडतेस काय वेड्यासारखी!"

अर्ध्या तासाने, लोक पांगल्यावर, वेंडेल जिन्यावरून वर आला. शर्ट घामाने थबथबलेला, खांद्याला बर्फाची पिशवी बांधलेली.

"होतीस कुठे तू? पहिल्या बेसकडे बघ बघ बघितलं. जागा रिकामी."

व्हर्नाने खांबाकडे बोट दाखवलं. "चौथ्या डावापासून इथे. मी हलूच शकत नव्हते रे."

वेंडेलने खांबाकडे पाहिलं, मग आईकडे. "म्हणजे तुला काहीच दिसलं नाही?"

"फलंदाज दिसले की. फार वाईट खेळले."

तो हसला. मग त्याने मला उचललं, आईचा हात धरला, आणि रिकाम्या बाकांना वळसा घालून पहिल्या बेसमागच्या चौथ्या रांगेत मला ठेवलं. "बस इथे. ऑगीकाका, काठी घेऊन खाली या. तुम्ही फलंदाज."

"खांदा बघ आधी आपला!" व्हर्ना ओरडली.

"उद्यापासून त्याला सुट्टीच आहे." त्याने बर्फ सोडून बाजूला ठेवला.

मग मित्रांनो, चेंडू नव्हता, तो झेलणारा कॅचर नव्हता, माणसं नव्हती. वेंडेलने नववा डाव पहिल्यापासून पुन्हा टाकला. प्रत्येक चेंडू, ते रेषेबाहेर गेलेले चारसुद्धा. प्रत्येक वेळी हात वर नेताना त्याचं तोंड वेडंवाकडं व्हायचं, आणि तेही व्हर्नाला स्वच्छ दिसत होतं. शेवटच्या चेंडूआधी तो थांबला, तिच्याकडे तोंड करून, अगदी सावकाश. तिने पोटभर बघून घेतलं. मग त्याने हात फिरवला. ऑगीने काठी अशी काही फिरवली, की गिरकी घेऊन धपकन बसला.

"बाद!" व्हर्ना उभी राहून ओरडली. "बाद, बाद, बाद!"

तिघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गेली आणि मला तिथेच विसरली. सोमवारी झाडूवाल्याने मला घरी पोचवलं. मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू? हल्ली मैदानात मऊ खुर्च्या आल्यात, आणि मी गॅरेजच्या फळीवर रंगाच्या डब्यांशेजारी धूळ खात पडून असते. ते मात्र टोचतं. अधूनमधून कोणी झटकून उन्हात ठेवलं, तर मी अजून वीस वर्षं टिकेन.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आणि एक विनंती. तुमच्या यशाच्या दिवशी, तुमच्याचसाठी, कोणी ना कोणी खांबामागे बसलेलं असेल. टाळ्या संपल्या की त्याला शोधा. हाताला धरून चांगल्या जागी बसवा, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा करून दाखवा.