व्हेल्माबाईचं गाऱ्हाणं

सकाळपासनं व्हेल्माबाई आणि तिचा धाकटा भाऊ ओटिस भेंडीच्या वावरात भांडत होते. जून निम्मा सरला होता. अलाबामाची काळी माती नुसती तापली होती, अन् भांडण तेच, नेहमीचं. शेतकी हापिसातला गोरा साहेब हॉलिस पंधरा वर्षं दर पेरणीला सरकारी कर्ज मागायला आलेल्या व्हेल्माला दारातनंच परत लावी. पुढच्या आठवड्यात ये, म्हणे. तोवर पेरा टळून जाई. शेजारच्या गोऱ्यांचं काम मात्र त्याच दिवशी होई. काळ्या शेतकऱ्यांनी ह्यापायी सरकारला कोर्टात खेचलं, तेव्हा ओटिस म्हणाला होता, कशाला त्या फंदात पडतीस. त्याचं ऐकता ऐकता बाईची तक्रार उशिरा गेली, आणि उशिरा आली म्हणून कुणी वाचलीच नाही.

"तुझ्यापायी झालं सगळं," असं ती म्हणते न म्हणते, तोच बांधावरचा रेडिओ बोलला. वॉशिंग्टनात कायदा झाला होता. उशीर झालेल्यांचंही गाऱ्हाणं आता कोर्टाला ऐकावं लागणार होतं.

व्हेल्मानं भेंडीची बादली आभाळात उधळली. सत्तरीची बाई, पण सरीतनं नाचत सुटली. ओटिसला धरून तिनं अशी गिरकी मारली की त्याची टोपी एकीकडं आणि तो भेंडीत आडवा. मग मातीनं भरलेल्या पायांनीच ती ट्रॅक्टरवर चढली. तिला आवरायला म्हणून ओटिस मागं ट्रॉलीत बसला. वाटेत चर्चपाशी चार म्हाताऱ्यांना कळलं, त्याही गाणं म्हणत ट्रॉलीत चढल्या. वरात थेट हापिसाच्या दारात.

हॉलिस बाहेर आला. त्यानं समजावलं की कायदा फक्त ऐकून घेण्यापुरता आहे, पदरात अजून काही पडलेलं नाही. शिवाय ते कोर्टात सांगायचं, इथं नाही.

"ठावं हाय," व्हेल्मा म्हणाली. "पर कोर्टात चुकाय नगं. म्हणून हितं तालीम करती. खुर्ची दे."

म्हाताऱ्या पदराआड हसावं तशा टोप्यांआड हसल्या. हॉलिसनं इकडं तिकडं पाहिलं, आणि मुकाट खुर्ची आणली. बाई ऐसपैस बसली, झगा सारखा केला आणि एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या पेरणीपासनं सुरुवात केली. ओटिस भिंतीला टेकून ऐकत होता. थोड्या वेळानं तोही सरसावला.

"त्या साली पाऊस लौकर लागला हुता, त्ये बी सांग की."

हापिस बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा व्हेल्मा कुठं त्र्याऐंशीच्या पेरणीला पोचली होती.