पडून राहा

आमच्या नाट्यगृहात लोक वरच्या गॅलरीत बसून जेवता जेवता नाटक बघतात. तिथला मुख्य वेटर मी, आणि खाली रंगमंचावर रोज मरायचा तो माझा थोरला भाऊ. आमचं ठरलेलं होतं: दादा कोसळला की आम्ही आइस्क्रीम वाढायला घ्यायचं, आणि सगळ्यांना मिळालं की मी हात वर करायचा. तोवर त्याने मेल्यासारखं पडून राहायचं.

त्या दुपारी तो चार वाक्यं आधीच कोसळला. माझं डोकंच फिरलं. आइस्क्रीम अजून फ्रीजमध्ये! "याला मेली नेहमीचीच घाई," असं पुटपुटत मी स्वयंपाकघरात धावलो आणि दिसेल त्याच्यावर खेकसलो.

वाढत वाढत कठड्याजवळच्या टेबलाशी आलो. तिथून रंगमंच सगळ्यात छान दिसतो. तिथल्या आजी म्हणाल्या, "अहो, ते तुमच्याकडे बघून हात हलवतायत."

"झालं का म्हणून विचारतोय," मी म्हणालो, आणि वाकून त्याला खूण केली: पडून राहा, अजून चार टेबलं आहेत.

त्याचा हात खाली गेला. जन्मात कधी माझं न ऐकलेल्या दादाने तेवढं मात्र ऐकलं.