चार नंबरचा डबा

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अनुयाच्या मोबाईलवर मेसेज आला. पाठवणारा यार्डाचा क्लार्क. हा गृहस्थ बसतो पनवेलच्या ऑफिसात, आणि मेसेज टाकला की आपलं काम संपलं असं समजतो. मेसेज असा होता: "मॅडम, तुमच्या पोरांसाठी लावलेल्या डब्यांत चार नंबर चुकून आला आहे. धुरीचा आहे. हवा दिलेली नाही. उघडू नका."

उरणकडे कंटेनरला डबा म्हणतात. परदेशी मालातली कीड मारायला डबा बंद करून आत विषारी वायू सोडतात, ती धुरी. नाव धुरी असलं तरी धूर दिसत नाही आणि वासाचाही भरवसा नाही. दार उघडून कुणी आत शिरला तर तो खाली बसतो तो उठत नाही, आणि त्याला ओढायला गेलेला दुसराही बसतो.

अनुयाने आधी पोरांबरोबर यार्डात असलेल्या विश्वंभर सरांना फोन लावला. स्विच ऑफ. लागणार कसा? यार्डाच्या गेटवर सगळ्यांचे फोन काढून खोक्यात टाकतात, मास्तर असो की पोर. गेटच्या केबिनमधला फोन वाजून वाजून थांबला. तिथला वॉचमन रविवारी कुठे जाऊन बसतो ते त्यालाच ठाऊक. क्लार्कला लावला तर तो दुसऱ्या कॉलवर.

अनुया मूळची चौलची, नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांच्या घरातली. उरणच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांपूर्वी आली आणि यार्ड कामगारांचा कोर्स तिने मुळापासून नवा बांधला. अर्धं मोबाईलवर, अर्धं यार्डात. दिवसभर ट्रेलरवर नाहीतर मिठागरात राबणाऱ्या पोरांनी वर्गात कधी यायचं? त्यांनी धडे घरी बघायचे, प्रश्न सोडवायचे. धडा पास झाला की नावापुढे हिरवी खूण. हिरवी खूण असेल त्याला यार्डात पुन्हा काही सांगायचं नाही, थेट कामाला लावायचं. हा नियम तिचाच. विश्वंभर सर, गोदीत तीस वर्षं काढलेला माणूस, मीटिंगमध्ये म्हणाले होते, "बाई, दारापाशी उभं करून एकदा विचारू द्या मला." ती म्हणाली होती, "सर, विचारून झालंय. मार्क बघा ना."

आता तीच मार्क बघत होती. कॉम्प्युटरवर आजची यादी. चार नंबर: सुजित घरत आणि अल्पेश ठाकूर. धुरीचा धडा सातवा. अल्पेश शंभर, सुजित अठ्ठ्याण्णव. तिच्या जिवात जरा जीव आला. सातव्या धड्यात स्पष्ट दाखवलंय की डब्याच्या वरच्या हवेच्या भोकांना चिकटपट्टी लावलेली दिसली तर दाराला हात लावायचा नाही. पोरांना कळेल. तरी खात्री करावी म्हणून तिने सुजितचा नंबर लावला. कदाचित अजून गेटबाहेर असेल.

"हॅलो, कोन?" बाईचा आवाज.

"मी कॉलेजमधून अनुया. सुजित आहे का?"

"तो यार्डान गेलाय. मी येसूबाई, त्याची आई. फोन घरानच असतो. आवो बाई, बरं झालं तुमीच फोन केलात. आठवा धडा उघडत न्हाय."

"तुम्ही कशाला उघडता आठवा?"

"मीच बगतंय ना सगले. पोरगा रातचा ट्रेलरवरून येतो, डोले मिटतात त्याचे. अभ्यास बुडाया नको. ते टिकमार्क पन मीच करतंय. सातव्याला दोन मार्क गेले माजे."

अठ्ठ्याण्णव मार्क या बाईचे. हयात मिठागरात काढलेल्या बाईचे. आणि पोरगा कोरा, चार नंबरच्या दारात उभा.

"येसूबाई, त्याला आज धुरीचा डबा दिलाय हो. चार नंबर. चुकून."

"आइका, बाई, मी त्याला..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. फोन पिशवीत कोंबला, स्कूटी काढली. डबे दहाला उघडतात. वाटेत बायपासला ट्रेलरची रांग लागलेली, मैलभर. ती रांगेच्या कडेने, चिखलातून, ट्रेलरच्या चाकांना आरसा घासत निघाली. एका ड्रायव्हरने शिवी घातली, ती तिला लागलीसुद्धा नाही. तिला भीती वाटत होती, साधी नागडी भीती, तोंड कोरडं पाडणारी. डोळ्यांपुढे एकच: लोखंडी दार, आत अंधार, आणि आत गेलेला पोरगा. त्याच्या आईला काय सांगायचं? कॉम्प्युटरवर हिरवं दिसत होतं, असं? मीटिंगमधलं आपलं वाक्य तिला आठवलं आणि स्वतःची शिसारी आली. देवा, आजचा दिवस निभावून ने, नियम उद्याच फाडते, असं ती पुटपुटत होती, आणि देव तिला एरवी सणासुदीलाच आठवायचा.

गेटवर तिने फोन दिला नाही, नावही लिहिलं नाही. चहाचा कप घेऊन परतलेला वॉचमन ओरडत मागे आला. घड्याळात दहाला तीन मिनिटं कमी होती. डब्यांच्या ओळीमागून आरडाओरडा ऐकू आला आणि ती तिकडे धावली.

चार नंबरचं दार बंद होतं.

दारापुढे सुजित उभा होता, दाराच्या दांड्याला पाठ लावून. समोर अल्पेश, शर्टाची कॉलर फाटलेली, तणतणत. विश्वंभर सर दोघांच्या मधे.

"हा बघा ना मॅडम, मला उघडू देत नाही," अल्पेश म्हणाला. "दांड्याला हात लावला म्हणून ओढलं मला. नवा शर्ट होता."

सुजितने वर बोट दाखवलं. भोकांना चिकटपट्टी होती, तपकिरी, उन्हात कडा सुटलेली.

"तुला कसं कळलं?" अनुयाने विचारलं.

सुजितने मान खाली घातली. "मॅडम, खोटं नाय बोलत. व्हिडिओ मी बघितलेच नाय. आई बघते. पन रात्री जेवायला बसलो की ती विचारते. पट्टी असंल तर काय करायचं, दार कोनी उघडायचं. बरोबर सांगितलं की भात वाढते. चुकलो तर परत सांगते, पन ताट रिकामंच. सातव्या धड्याला तीन रात्री रखडलो."

अनुया मटकन खाली बसली. रडू आलं, ते तिने येऊ दिलं.

मग तिने अल्पेशकडे बघितलं. "तुझे तर शंभर मार्क आहेत."

"आहेत ना." तो फाटक्या कॉलरवरून हात फिरवत राहिला. "व्हिडिओ मीच लावला होता, मॅडम, माझ्याच फोनवर. लावला नि झोपलो. उत्तरं ग्रुपवर आली होती."

"कुठल्या ग्रुपवर?"

"आपल्या बॅचच्या. सगळे आहेत त्यात."

तिचं रडू तिथेच थांबलं. ओळीत अजून अकरा डबे होते, आणि प्रत्येकापुढे दोन दोन पोरं, दांड्यावर हात ठेवून दहा वाजायची वाट बघत. सगळ्यांच्या नावापुढे हिरवी खूण. क्लार्कने एकच नंबर कळवला होता, पण त्या क्लार्कवर आता कोण विसंबणार? वाटभर ती ज्या एका पोरासाठी मरत होती, तोच तेवढा शिकलेला निघाला.

"सर, शिट्टी," ती म्हणाली. "सगळ्यांना मागे घ्या. दाराला हात नको."

विश्वंभर सरांनी शिट्टी फुंकली. पोरं कुरकुरत आली. तिने एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजली. चोवीस. दुसऱ्यांदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली.

"आता एकेकाला विचारा, सर. दारापाशी उभं करून."

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. येसूबाई. मघापासूनचे सतरा कॉल दिसत होते.

"बाई," पलीकडचा आवाज कापत होता. "उघडला का त्यानं?"

"नाही, येसूबाई. नाही उघडला."

"मंग घरी पाठवा त्याला," येसूबाई म्हणाली. "आज न विचारता वाढतंय."