बिननावाच्या दोन जागा

या, असे जवळ सरकून बसा. देवानं कान दिलेत ते काही फक्त गोड ऐकायला नाही. आज एक कडू गोष्ट सांगतो, ऐकून घ्या.

एका मोठ्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर संगणकाचं काम करणारी एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. रुग्णाच्या घरच्यांना फोनवर निरोप धाडायचं काम बाहेरच्या एका कंपनीकडे होतं. त्या कंपनीच्या संगणकाशी बोलणारा कोड कुणी हातानं लिहीत नाही. कंपनी आपल्या सेवेचं वर्णन देते, ते वाचून मशीनच कोड काढून देतं. वर्णनात नावं असली तर तीच उचलतं, नसली तर आपल्या मनानं ठेवून मोकळं होतं : आर्ग-झिरो, आर्ग-वन, म्हणजे नुसतीच पहिली जागा, दुसरी जागा.

कंपनीचं नवं वर्णन आलं आणि त्यातली नावं गळालेली. आधी 'रुग्ण' आणि 'नातेवाईक' असं लख्ख दिसायचं, आता नुसत्या दोन जागा. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, कंपनीला विचार बाई. तिनं विचारलं, उत्तर येईना. इकडे साहेबांनी घाई करून जीव खाल्लेला. शेवटी अंदाजानं तिनं रुग्णाला पहिल्या जागी बसवलं आणि तपासायला दोन्हीकडे स्वतःचंच नाव घातलं. निरोप झकास आला. येणारच! दोन्हीकडे एकच नाव, उलटं काय नि सुलटं काय.

दुसऱ्या दिवशी खालून बोलावणं आलं. काउंटरपाशी एक आजी हसत उभ्या होत्या, पिशवीत इथंच दाखल असलेल्या नवऱ्याचा धुतलेला स्वेटर.

"तूच का ती? अगं, तुझ्या मशीननं मला जिवंतपणीच वर पोचवलं. म्हातारा पोट धरून हसेल बघ. त्याला दाखवायलाच निघालेय."

काउंटरवरची माणसंही हसत होती. चिमणीनं फोन हातात घेतला. आजींचं निधन झाल्याचं कळवताना दुःख होतं, आजोबांनी संपर्क साधावा, असा निरोप. आजींना वॉर्डात धाडून देता आलं असतं, सांगायला डॉक्टर होतेच. पण तिनं त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं.

"आजी, दोन नावं माझ्या हातून उलटी पडली."

हसू आजींच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. मग त्यांनी विचारलं, कुठलं कुठं हवं होतं? चिमणीनं आजोबांच्या नावावर बोट ठेवलं आणि ते हळूच वर, आजींच्या नावापर्यंत नेलं.

आजींनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग स्वेटर मांडीवर घेऊन म्हणाल्या, "मग माझंच राहू दे की गं तिथं."

चिमणीनं कोड त्याच दिवशी सुधारला. आजींची ती विनंती तेवढी कुणालाच पुरी करता आली नाही. तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या आजींना आठवा. घरात आता त्या एकट्याच असतात.