फाटकात आडवी गाडी

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकायच्या बेतात आला की शेजारी बसलेल्याने तो दाबायचा. वर्षानुवर्षं हे काम केलं की पाय डोक्याला विचारेनासा होतो. मॅडमचं तसंच झालं होतं. घरीही कोणी काही करायला निघालं की त्यांचा पाय आधी ब्रेकवर.

ड्रायव्हिंग स्कूलमधले शिकाऊ त्यांना मॅडम म्हणत. त्यांचं ऐकून इमारतीतले म्हणू लागले, आणि शेवटी नवराही. तो इस्पितळात एक्स-रे काढायचा, बहुतेक रात्रपाळीला. त्याने लोकांची इतकी हाडं पाहिली होती की कशाला लगेच हात घालायचा नाही, आधी नीट बघून घ्यायचं, हा त्याचा स्वभावच झाला होता.

त्यांची लेक अकरा वर्षांची. लहानपणी ती एका जागी म्हणून टिकत नसे, त्यामुळे तिचं नाव भिंगरी पडलं. आता मात्र भिंगरी बसली की बसली. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, मोजे दुसरीकडे, आणि बाईसाहेब टीव्हीपुढे मांडी ठोकून. पडद्यावर तिचं एक बेट होतं. तिथे ती तटबंदी बांधायची, खंदक खणायची, झाडावर मचाण करून लुटारूंवर पाळत ठेवायची. जेवायला हाक मारली की "ही फेरी संपू दे" हे ठरलेलं उत्तर. फेरी काही संपायची नाही आणि भाजी गार व्हायची.

एका संध्याकाळी चौथ्या हाकेला मॅडमचा पाय ब्रेकवर पडला. त्यांनी गेमचा रिमोट काढून घेतला, कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. उद्यापासून पाच ते सात बाहेर खेळायचं, त्यानंतर अर्धा तास गेम, हा कायदा तिथल्या तिथे झाला. भिंगरी रडेल, पाय आपटेल, अशी त्यांची तयारी होती. ती नुसतं "बरं" म्हणाली. पोरीच्या तोंडून इतक्या सहज निघालेल्या "बरं"ला घाबरायला हवं होतं, पण जिंकलेल्या माणसाला कुठलं तेवढं भान असतं?

कायदा उत्तम चालला. भिंगरी पाचला जायची, सातला यायची. मॅडम नवऱ्याला म्हणाल्या, बघ, कडक राहिलं की जमतं. नवऱ्याने लेकीकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "फ्रॉक फार स्वच्छ आहे हिचा." मॅडमनी ते मनावर घेतलं नाही.

मग एक दिवस संध्याकाळचा शिकाऊ आलाच नाही आणि मॅडम लवकर, साडेसहालाच घरी आल्या. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने निघाल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाहतात तर पायऱ्यांवर पोरं बसलेली, धान्याची पोती रचून ठेवावीत तशी. सात-आठ असतील, सगळी इमारतीतलीच. मधल्या एकाच्या हातात मोबाइल, आणि बाकीच्यांची डोकी त्यावर. भिंगरी सगळ्यात वरच्या पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिला तर तो मोबाइलही दिसत नव्हता. ती सात वाजायची वाट पाहत होती.

मॅडमचा आवाज चढला. बाहेर खेळायला पाठवलं होतं, इथे लपून काय चाललंय, आईला फसवायचं असं कोणी शिकवलं? पोरं उठून भिंतीला चिकटली. भिंगरी मात्र उठली नाही.

"तू बाहेर जा म्हणालीस," ती म्हणाली. "बाहेर म्हणजे कुठे, ते सांग. मी जाते."

"कुठे म्हणजे? खाली आवार आहे ना एवढं."

"चल, दाखव मला."

आणि ती आईचा हात धरून खाली घेऊन गेली. बाकीची पोरं मागून, वरातीसारखी. मागच्या अंगाला बाग होती, पण तिच्या जाळीला कुलूप. हिरवळ खराब होते म्हणून ती खिडकीतूनच बघायची. जिना वर जिथे संपतो त्या गच्चीलाही कुलूप. बाजूच्या बोळात जनरेटर आणि पाण्याचे पंप. फाटकाबाहेर थेट रस्ता, त्यावरून बस आणि ट्रक. पलीकडचं मैदान कधीच पत्रे ठोकून बंद केलेलं. राहिलं पुढचं आवार. तिथे भिंतीवर पाटी होती, येथे खेळण्यास सक्त मनाई आहे, आणि पाटीखाली पांढऱ्या पट्ट्यांमध्ये गाड्याच गाड्या. मॅडम रोज त्या पाटीसमोरून जात होत्या. त्यांना ती कधी वाचावीशी वाटली नव्हती. ती त्यांच्यासाठी नव्हतीच.

भिंगरी एका गाडीपाशी थांबली. छतावर ड्रायव्हिंग स्कूलचा पिवळा फलक असलेली.

"आम्ही लंगडी खेळायचो ती ही जागा," ती म्हणाली. "आता इथे तू असतेस."

मॅडम जिना चढून घरी आल्या, चहा टाकला आणि तो उतू गेला तरी बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सेक्रेटरीकाकांकडे गेल्या. काकांचं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर इमारत त्यांच्या हातात आली आणि त्यांनी तीही औषधाच्या कपाटासारखी लावून टाकली, प्रत्येक वस्तू आपापल्या खणात. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मॅडमना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की चेंडूने गाड्यांच्या काचा फुटतात, बारीकसारीक चरे कोण भरून देणार? शिवाय त्यांच्या पत्नीची तब्येत बरी नाही, तिला गोंगाट सोसत नाही. हे सगळं खरं होतं, त्यामुळे मॅडम मान हलवत होत्या. पण काकांना तिथे थांबता आलं नाही.

"आणि खरं सांगू का, मॅडम? आजकालच्या पोरांना खेळायचंच नसतं. त्या गेममध्ये डोकं घालून बसतात दिवसभर. आमच्या वेळी असं नव्हतं."

"तुमच्या वेळी आवार होतं, काका," मॅडम म्हणाल्या. "दार आपणच लावायचं आणि मग पोरं घरकोंबडी झाली म्हणायचं, हे बरं आहे आपलं."

काका म्हणाले, नियम सगळ्यांनी मिळून केलाय. मग मॅडम सगळ्यांकडे गेल्या, दारोदार. प्रत्येक दारात तेच ऐकलं. अगदी बरोबर आहे तुमचं, आमचाही डोळ्यांना चष्मा लावून बसलाय, काहीतरी करायलाच हवं. पण पाच ते सात गाडी बाहेर लावाल का, असं विचारलं की बोलणं एकदम हवापाण्यावर जायचं. एक-दोघांनी तर, तुम्ही व्हा पुढे, आम्ही आहोतच मागे, असंही सांगितलं. इतके मागे, की वळून पाहिलं तर दिसणार नाहीत, एवढं मॅडमना कळून चुकलं.

त्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी पुढचे दोन्ही शिकाऊ पुढच्या आठवड्यावर ढकलले आणि पाचच्या आधी घर गाठलं. त्या वेळी आवार जवळजवळ रिकामं असे, गाड्या कामावर गेलेल्या. मॅडमनी आपली गाडी नेहमीच्या जागी नेली नाही. फाटकातून आत घेतली, दोनदा पुढे-मागे केली आणि फाटकात आडवी लावली, या खांबापासून जवळजवळ त्या खांबापर्यंत. माणूस बाजूने जाईल, सायकल जाईल, मोटार नाही. वॉचमन धावत आला. मॅडमनी त्याला सांगितलं की कोणी विचारलं तर मॅडमनी ऐकलं नाही म्हणायचं, म्हणजे तुझ्यावर येणार नाही. मग डिकीतून शिकाऊंसाठी ठेवलेले प्लास्टिकचे लाल कोन काढून पोरांच्या पुढ्यात टाकले.

"घ्या. सातपर्यंत आवार तुमचं."

पण पोरं नुसती उभी राहिली. एवढी मोकळी जागा अंगावर आल्यासारखी बिचकली होती. एकाने विचारलं, काय खेळायचं? ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमना वाटलं, एवढं रामायण केलं आणि पोरं खेळणंच विसरली असतील तर?

तेवढ्यात भिंगरी पुढे झाली. तिने कोन उचलले आणि एकामागून एक मांडले. हे बेट, हा खंदक, ही तटबंदी. अर्धे लुटारू, अर्धे गडावरचे. प्रत्येकाला तीन जीव, पकडलं की एक गेला, आणि पाण्याच्या टाकीला हात लावला की परत मिळाला. पडद्यावरचं अख्खं बेट तिने फरशीवर उतरवलं. मॅडम बघत राहिल्या. ज्या खेळाला त्या गेले कित्येक महिने शिव्या घालत होत्या, त्याच्यातून पोरीने हे सगळं उचललं होतं. बघता बघता आरडाओरडा सुरू झाला. कोणी पडलं, कोणी रडलं, कोणी चिडकेपणा केला आणि त्यावरून रीतसर भांडण झालं.

सहाच्या सुमाराला पहिली गाडी आली. मग दुसरी, तिसरी. भोंगे वाजू लागले, खिडक्या उघडल्या. सेक्रेटरीकाका चपला फटफटवत खाली आले.

"मॅडम, गाडी बंद पडली का?"

"गाडी चालू आहे, काका. चालवणारी बंद पडली आहे. सातला सुरू होईल."

बाहेरून कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी पोलिसांचं नाव काढलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाचं नाव काढलं. मॅडम बॉनेटवर बसून राहिल्या. एकदाच त्या उठल्या. रांगेच्या शेवटी काकांच्या पत्नीची टॅक्सी दिसली, तपासणीहून परतलेली. मॅडमनी पुढच्या गाड्या हातवारे करून कडेला घ्यायला लावल्या, आपली गाडी वळवून फाटकातून बाजूला घेतली, टॅक्सी थेट दारापर्यंत जाऊ दिली आणि आपली पुन्हा फाटकात आडवी लावली. काकू उतरल्या, त्यांनी कपाळ चोळलं. डोकं भणभणतंय गं, एवढंच बोलल्या. मॅडमनी पोरांना सांगून अख्खं बेट पलीकडच्या भिंतीकडे सरकवलं. काकूंचं खरं होतं म्हणून पोरांचं खोटं ठरत नव्हतं.

मग नवरा खाली आला, रात्रपाळीला निघालेला. मोटारसायकल फाटकाच्या बाजूने जेमतेम निघाली असती. पण सगळे त्याच्याकडे आशेने बघायला लागले. कोणी म्हणालं, तुम्ही तरी सांगा हो यांना.

त्याने आवाराकडे पाहिलं. भिंगरी धुळीने माखून, वेणी सुटलेली, टाकीच्या दिशेने जिवाच्या आकांताने धावत होती.

"आमच्या घरात ब्रेक तिच्याकडे असतो," तो म्हणाला. "आणि आज तिने बरोबर वेळी दाबलाय." मग मोटारसायकल तिथेच स्टँडवर लावून तो बस पकडायला चालत गेला.

सात वाजता मॅडमनी गाडी काढली. येणाऱ्यांपैकी कोणी काच खाली करून सुनावलं, कोणी मान फिरवली.

किंमत दुसऱ्याच दिवशी चुकवावी लागली. मालकाकडे तक्रार गेली होती. त्याने गाडी रात्री स्कूलच्या दारात ठेवायला सांगितली, घरी न्यायची नाही. मॅडमनी किल्ली टेबलावर ठेवली आणि बसने निघाल्या. उभ्यानेच प्रवास झाला. आता आडवं लावायला काही उरलं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि काल म्हणाल्या होत्या, सातपर्यंत आवार तुमचं. पोरांना तोंड कसं दाखवायचं?

फाटकाशी आल्या तेव्हा बाहेर मोटारींची रांग होती. फाटकात पोरं बसली होती, खांबापासून खांबापर्यंत, मांडी घालून, अर्धी. उरलेली अर्धी आत खेळत होती. पाळ्या लावल्या होत्या. सेक्रेटरीकाका समोर उभे राहून समजावत होते आणि मध्ये भिंगरी बसली होती.

"आईने सांगितलंय का हे?" काकांनी विचारलं.

"आईला माहीतच नाही," भिंगरी म्हणाली. "आम्हाला खेळायचंय. तुम्ही म्हणता ना, पोरं बाहेर पडत नाहीत? पडलोय. आता सातशिवाय उठणार नाही."

काकांनी रांगेकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. पोरांना उचलून कोण बाजूला करणार? त्यातली निम्मी रांगेत थांबलेल्यांचीच होती. पहिल्या गाडीतला माणूस उतरला, आपल्या मुलावर ओरडला, आणि मुलगा जागचा हलत नाही म्हटल्यावर पुटपुटत गाडी मागे घेऊन रस्त्याच्या कडेला लावून आला. मग दुसऱ्यानेही तेच केलं.

मॅडम पुढे आल्या नाहीत. रांगेमागे उभ्या राहिल्या. पाय सवयीने काहीतरी दाबायला शोधत होता, त्यांनी त्याला दाबू दिलं नाही.

पुढे बैठक झाली, तावातावाने झाली. काकांनी पाटी काढायला ठाम नकार दिला. पण पाच ते सात पुढची रांग रिकामी ठेवायची आणि काकूंच्या खिडकीखाली ओरडायचं नाही, एवढ्यावर गाडं आलं. काही जण अजून मुद्दाम साडेसहाला येऊन भोंगा वाजवतात. पोरं त्यांना उभं करून ठेवतात.

मॅडमनी रिमोटच्या कपाटाची किल्ली आता कपाटालाच लावून ठेवली. गेमचा अर्धा तास भिंगरीने भांडून एक तासाचा करून घेतला, आणि तो तास संपला की रोज नवं भांडण होतं. परवा मॅडम तिच्याशेजारी बसून बेटावर उतरल्या आणि पहिल्याच खंदकात पडल्या.

"आई, तुला नाही जमणार," भिंगरी म्हणाली. "तू सारखी थांबतेस."

"परत लाव," मॅडम म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून नवऱ्याने जेवायला हाक मारली. दोघींपैकी कोणीही उठलं नाही.