बुडालेलं पिंप

म्हातारबुवांनी उभी हयात वाइनची लाकडी पिंपं घडवण्यात घालवली; पण तळ्याकाठच्या या वायनरीकडून मागणी आली की ते साफ नकार देत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सत्तर वर्षांपूर्वी, शिपाई लुटालूट करत येत होते त्या दिवशी, इथलं तळघर सांभाळणारे त्यांचे वडील भरलेलं पिंप होडीत घालून पळाले आणि पिंपासकट तळ्यात बुडाले. मालक त्याच लुटीत मारला गेला, त्यामुळे खरं काय ते विचारायलाही कुणी उरलं नाही. त्यांचा सहा वर्षांचा पोर तेव्हापासून 'पिंपचोराचा' झाला तो झालाच.

यंदा तळं आटलं आणि पिंप सापडलं. "एकदा बघून येऊ, बाबा. मनातला काटा तरी निघेल," म्हणत मुलीने त्यांना आणलं होतं.

गाईड तोंडाचा भलताच सैल. पैजेत द्राक्षमळा जिंकणारा पहिला मालक, चोथा खाऊन झिंगणारी त्याची बदकं, असं करत करत तो तळघरात पोचला. "आणि हे आमच्या चोरमहाशयांचं पिंप! होडी कलंडली, पिंप गेलं तळाला, आणि त्याला मिठी मारून महाशयही!"

मंडळी खो खो हसली. मुलीने बाबांचा हात धरायला हात पुढे केला, पण बाबा शेजारी नव्हते. ते दोरी ओलांडून पिंपाशी गेले होते. पिंपाभोवती साखळीचे चार फेरे होते आणि साखळीत ओवलेले, भोक पाडलेले दोन दगड.

"ही साखळी तुम्ही घातलीत?"

"नाही हो आजोबा, अशीच निघाली. होडीचा नांगर अडकला असणार."

"नांगर असे चार फेरे घेतो होय?" म्हातारबुवांनी साखळीवर बोट ठेवलं. "वाइनचं भरलेलं पिंप बुडत नाही, बाळा. कसंबसं का होईना, तरंगतं. बुडवायचं तर दगड बांधावे लागतात. पळवणारा कशाला बांधेल? लपवणारा बांधतो. शिपायांच्या हाती लागू नये म्हणून."

गाईडचा चेहरा उतरला. "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"मी तुमच्या चोराचा मुलगा."



बाहेर तळ्यासमोरच्या बाकावर मुलीला रडू आवरेना. "बाबा, आजोबा चोर नव्हते! आता गावभर सांगू."

म्हातारबुवांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "पन्नास वर्षं पिंपं केली मी. भरलेलं पिंप तरंगतं, हे झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण त्या गोष्टीचा विषय निघाला की मी उठून जायचो. लाज वाटायची ना. आई शेवटपर्यंत सांगत होती, तुझा बाप चोर नव्हता. मरतानाही तेच म्हणाली. आणि मी काय म्हणालो तिला? गप्प बस, लोक ऐकतील."